अकोकोचा वाटा

मेसानला मिळायची होती मोटरसायकल. ज्या आरोग्यसेवकाचे सगळे रुग्ण अ‍ॅपमध्ये हिरवे, म्हणजे बरे, दिसतील त्याला ती मिळणार, असं आरोग्य प्रकल्पवाल्यांनी जाहीर केलं होतं. मेसानचे सगळे हिरवे होते, एक सोडून. आणि ती एक लाल राहिली तर मोटरसायकल जाणार होती शेजारच्या गावच्या सेवकाकडे, म्हणजे मेसानच्या सख्ख्या मेव्हण्याकडे. न मिळण्यापेक्षा हे दुःख मोठं होतं.

लाल होती ती देदेची आठ वर्षांची अकुएले. घोट्यावर गाठ आली, दुखली नाही म्हणून कुणी पाहिली नाही, मग ती फुटली. मेसान रोज मोबाइल घेऊन देदेच्या अंगणात जायचा. एक फोटो जखमेचा, एक गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा. पाकीट रोज रिकामंच असायचं. जखम मात्र रोज मोठी.

एके दिवशी फोटो काढता काढताच फोन वाजला. राजधानी लोमेहून डॉक्टर अमेगानबाई होत्या.

"मेसान, गोळ्या पोटात जातायत ना रे? हाडापर्यंत गेलं तर पाय कापावा लागेल."

देदे चुलीपाशी मक्याचं पीठ घोटत होती. मेसान तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"वहिनी, खरं सांग. गोळ्या विकतेस का?"

"हा घोटणा तोंडात कोंबीन तुझ्या! पोटची पोर आहे माझी."

"मग जातात कुठं गोळ्या?"

चूल कशाने पेटते असं त्याने विचारल्यासारखी देदे त्याच्याकडे बघत राहिली.

"कुठं म्हणजे? जुळ्या आहेत त्या. अर्धी हिला, अर्धी अकोकोला."

मेसान ओट्यावर बसला. आपल्याला हे आधी सुचलं कसं नाही, याचीच त्याला लाज वाटली. या गावात जुळ्यांची वाटणी कुणी चुकवत नाही. कापड दोघींना एकाच ताग्यातलं, वाटी भरायची तर दोन.

"अगं, पण अकोकोला कुठं जखम झालीय?"

"म्हणून तिनं नुसतं बघत बसायचं? मागं एकदा मासा हिलाच दिला, तर अकोको रुसली. पुढं घरात एकेक जण कसा तापाने पडला ते तुला माहीत नाही?"

माहीत होतं. सगळ्या आळीला माहीत होतं. मेसानने खोलीत डोकावून पाहिलं. अकोको चटईवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, बहिणीसारखाच निळा फ्रॉक घालून.

"बरी आहेस ना, अकोको?" त्याने अदबीने विचारलं. उत्तर आलं नाही. ती कुणाशीच बोलत नसे.

दारात अकुएले पायावरच्या माशा हाकलत होती.

"काका, माझा पाय कापणार?"

"कोण म्हणालं?"

"तुमच्या मोबाइलमधली बाई."

"अख्खी गोळी खाल्लीस तर नाही कापणार."

पोरीने आईकडे पाहिलं, मग खोलीकडे. "आणि अकोकोला काहीच नाही? नको. मग अर्धीच द्या."

घरी येऊन मेसानने हिशेब मांडला. देदेशी भांडलं तर ती अर्धीही बंद करील. बाईंना खरं सांगितलं तर लोमेत बसलेले लोक आपल्याला हसतील, आणि मोटरसायकलवरून मेव्हणा हसेल. मग एकच वाट उरत होती. दोघींना अख्खी.

त्याने अ‍ॅपमध्ये नवं नाव भरलं. अकोको, वय आठ, आजार तोच. फोटो अकुएलेच्याच घोट्याचा, दुसऱ्या बाजूने काढलेला. पुढे अ‍ॅपने विचारलं, गोळ्यांनी लघवी लाल झाली का? मेसानने कुणालाही न विचारता 'हो' दाबलं.

औषधाचा दुसरा संच आला. अकुएलेच्या जखमेच्या कडा आत सरकू लागल्या, खाली गुलाबी कातडी धरली. मेसान इमानाने दोन्ही बाजूंचे फोटो पाठवत राहिला. पावसाळा सरता सरता दोन्ही नावं एकाच दिवशी हिरवी झाली.

तिथंच घोटाळा झाला.

"मेसान!" बाईंचा आवाज आनंदाने चढला होता. "दोघी अगदी एका चालीने बऱ्या झाल्या! असं मी कुठं वाचलेलं नाही. मी येतेय. दोघींना बघायचंय मला."

"कशाला बाई, एवढ्या उन्हाचं..."

"तुझी मोटरसायकलही आणते."

मेसानने फोन खिशात कोंबला. तो देदेकडे धावला. "वहिनी, अकोको मामाकडे गेलीय असं सांग. तेवढं कर."

"ती ऐकत असताना? तूच सांग, हिंमत असेल तर."

हिंमत नव्हती.

बाई आल्या. मागच्या गाडीत मोटरसायकल होती. त्यांनी अकुएलेचा पाय चाचपला, तिला अंगणभर पळायला लावलं, आणि शाबासकी दिली मेसानला.

"बरं झालं, वेळेवर कळवलंस," त्या म्हणाल्या. "भांडारात तेव्हा एकच संच उरला होता. नदीपलीकडे फोली म्हणून जाळी विणणारा आहे ना, त्याच्यासाठी ठेवलेला. म्हटलं, आधी मूल. नवीन औषध येईपर्यंत त्याचा हात कोपरापासून काढावा लागला." त्या खोलीकडे बघू लागल्या. "असो. पोर तर वाचली. कुठाय ती अकोको?"

मेसानने तोंड उघडलं, पण देदे आत गेलीही होती. तिने अकोकोचा फ्रॉक नीट केला, दोन्ही हातांनी तिला बाहेर आणलं आणि डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर ठेवलं.

अकोको वारली त्या आठवड्यात सुताराने कोरून दिली होती तेवढीच होती ती, वीतभर, लाकडाची. आणि फोलीच्या गोळ्यांची लाल भुकटी रोज चोळून चोळून तिचे ओठ आता अगदी जिवंत दिसत होते.