हार्लोचं कोर्ट

मतदानाला थोडाच वेळ उरला असताना हार्लो गावचा खानावळवाला ईनॉक हॅस्केल विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदार स्ट्राउडला आडवा आला. टोपी हातात, साखर तोंडात.

“साहेब, कोर्ट हलवू नका हो. कोर्ट गेलं की वकील गेले, साक्षीदार गेले. माझ्या खानावळीत काय उंदीर जेवायचे? गाव मरेल आमचं.”

स्ट्राउडने तंबाखूची पिंक टाकली. जिल्ह्याचं कोर्ट हार्लोतून उचलून पाइकटनला न्यायचं, हे विधेयक त्याचंच. तो नुसता वकील होता तेव्हा हार्लोकरांनी त्याला कुंपणाच्या वाशावर बसवलं होतं आणि वासा खांद्यावर घेऊन, हसत-खिदळत, गावाबाहेर चिखलात फेकलं होतं. वाशाचं पुढचं टोक याच हॅस्केलच्या खांद्यावर होतं. वकिलाची अशी वरात निघालेली असताना उरलेल्यांनी त्याच्या अशिलाला, जॉब रोला, तुरुंगातून ओढून झाडाला लटकवलं. आरोप घोडाचोरीचा. घोडा दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आला.

“मला वाशावरून नेलंत,” स्ट्राउड म्हणाला. “तुमचं कोर्ट मी चांगलं गाडीत घालून नेतोय. उपकार माना.”

हॅस्केल कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने मागे उभ्या असलेल्या बाईला पुढे केलं. जॉबची विधवा, टॅबिथा.

“हिला विचारा. कोर्ट भरलं की ज्युरीवाल्यांचे सदरे हीच धुते, त्यावर हिची चूल पेटते. आणि परवा चर्चमध्ये सगळ्यांदेखत हिने गावाला माफ केलंय. तुम्ही कोण मग?”

स्ट्राउडचा चेहरा उतरला. जिच्या नवऱ्यासाठी त्याने हा राग इतकी वर्षं जपला, तिच्याच पोटावर पाय द्यायचा? हॅस्केलचा त्याला असा संताप आला की हात शिवशिवले. आत मतदानासाठी नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

“ताई,” तो कसाबसा म्हणाला, “तुम्ही सांगाल तर आपल्याच विधेयकाविरुद्ध मत देतो.”

“हलवा कोर्ट,” टॅबिथा म्हणाली.

हॅस्केल ओरडलाच. “अहो बाई! माफ केलं म्हणालात ना?”

“केलंय की.” तिने शाल सारखी केली. “म्हणून तर इथे आले. नाहीतर काडेपेटी घेऊन तुझ्या खानावळीत आले असते.”