दोन सोपी उत्तरं

नवऱ्याचं दफन करून घरी येऊन तिला दोन तास झाले नव्हते, तोच मुकादम दारात उभा राहिला. उंच भिंती रंगवताना नवरा कमरेला बांधायचा तो पट्टा त्याला परत हवा होता. कंपनीचा माल आहे, म्हणाला. त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुठल्या रंगाऱ्याला नव्हता, असंही वर म्हणाला. मेल्या म्हशीला मणभर दूध.

पट्टा तिच्या मांडीवर होता. इस्पितळाने कपड्यांच्या पिशवीत घालून दिलेला, मधोमध तुटलेला. ती सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत धागे तुटेपर्यंत ताणायची आणि कधी तुटले ते लिहून ठेवायची. हा का तुटला ते तिला बोटांनीच कळलं होतं. तो एकदा हातचा गेला की ‘तोल गेला, पडला’ एवढंच कागदावर उरणार होतं.

थोरला भाऊ आणि धाकटा दीर चहा घेता घेता भलत्याच वादात रंगले होते. भाऊ चर्चमध्ये प्रवचनं द्यायचा. त्याचं म्हणणं, एक प्रभू मानला की ग्रहताऱ्यांपासून मरणापर्यंत सगळ्याचा उलगडा होतो. याहून सोपं काय? दीर भौतिकशास्त्र शिकवायचा. ज्याच्यावाचून अडत नाही ते गृहीत धरूच नये, असं तो म्हणे. देव वगळला की आणखी सोपं. भावाच्या मते प्रभूने बोलावून घेतलं होतं. दिराच्या मते निव्वळ योगायोग.

मुकादम ताटकळलेला पाहून मात्र दोघांचं एकमत झालं. देऊन टाक बयो, भाऊ म्हणाला, वस्तू ठेवून का माणूस परत येतो? दिरानेही मान डोलावली.

ती उठली.

“सोपं उत्तर हवंय ना, दादा? भाऊजी, तुम्हालाही?” पट्ट्यावर शिवलेली मुदतीची चिठ्ठी तिने दोघांपुढे धरली. “पाच वर्षांपूर्वीच बाद करायचा होता हा. हात लावला तरी भुगा होतोय. याला देव असावा लागत नाही. आणि नसावाही लागत नाही.”

दीर चिठ्ठीवरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

मुकादमाने हात पुढे केला. एवढं काही झालेलं नाही, शिवून घेतला की उद्या दुसऱ्या माणसाला चालेल, म्हणाला.

“शिवून देते,” ती म्हणाली. “पण आधी तुम्ही बांधा. तिसऱ्या मजल्यावर चढा. खाली उभी राहून मी बघते.”

पुढे आलेला हात मुकादमाने हळूच पाठीमागे नेला.