तळ्यावरचा ठिपका

ठिपका तळ्यात शिरला होता.

मिर्वानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. आठ वर्षांच्या पिल्वीच्या मनगटावरचं घड्याळ मिनिटामिनिटाला लेकीचा ठावठिकाणा कळवायचं. शाळा सुटून वीस मिनिटं झाली होती. ठिपका घराची वाट सोडून थेट गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर गेला होता. एप्रिल निम्मा सरला होता, बर्फ विरघळायला लागला होता आणि या दिवसांत गावातली म्हातारी कोळीमंडळीसुद्धा तळ्यावर पाय ठेवत नसत.

"आई, पिल्वी तळ्यावर गेलीय!"

सासूबाई, हिल्का, पावाचं पीठ मळत होत्या. "छे गं, ती कशाला जाईल? अक्कल आहे तिला. आम्ही सहा भावंडं दिवसदिवस बाहेर असायचो. आमच्या आईला आमचा पत्ता लागायचा तो जेवणाच्या वेळीच."

"तुमच्या काळी लोक पोरं वाऱ्यावर सोडायचे. मी नाही सोडायची!"

ती तशीच धावत सुटली. "अगं थांब, दोर तरी घे!" सासूबाई मागून ओरडल्या. ऐकतंय कोण? मिर्वा हेलसिंकी शहरातली. अकरा वर्षं गावात राहून तिनं तळं पाहिलं होतं ते खिडकीतूनच.

बर्फ करडा पडला होता. वर पातळ पाणी साचलं होतं. ती मोबाइलमध्ये डोळे घालून चालत राहिली. ठिपका शंभर पावलांवर आला, मग पन्नास. पण समोर पोर कुठेच दिसेना. हाका मारून मारून तिचा घसा बसला.

शेजाऱ्यांचा कुत्रा रेपे मात्र शेपूट हलवत तिच्याकडे पळत आला. त्याच्या गळपट्ट्याला पिल्वीचं गुलाबी घड्याळ बांधलेलं होतं.

मिर्वाला सगळं कळलं. एक दिवस कुणी न बघता घरी यायचं होतं पोरीला! तिचा जीव भांड्यात पडला. ती मोठ्यानं हसलीसुद्धा.

तेवढ्यात पायाखाली काहीतरी लांबवर तडकत गेलं. बुटांत गार पाणी शिरलं. रेपे कान पाडून काठाकडे पळाला.

मिर्वानं वळून पाहिलं. काठावर दप्तर पाठीला लावलेली पिल्वी उभी होती. शेजारी सासूबाई दोराचा गुंता सोडवत होत्या.

पिल्वी ओरडली नाही, रडलीही नाही.

"आई, अजिबात चालू नकोस. हळूच पोटावर आडवी हो. हातपाय फाकव. मोबाइल टाकून दे, दोन्ही हात लागतील तुला. आता आलीस त्याच वाटेनं सरपटत मागे ये." मग आवाज आणखी हळुवार करून ती म्हणाली, "घाबरू नकोस हं. माझं लक्ष आहे तुझ्यावर."