कार्डावरचा हिरवा दिवा

इंटरनेटचा वेग पुन्हा दहाच दाखवत होता. भैरवीनं घड्याळाकडं पाहिलं. अकराला वीस मिनिटं कमी. अकराला व्हिडिओवर मुलाखत, आणि काल संध्याकाळी शंभर दाखवणारं कॉम्प्युटरमागचं नेटवर्क कार्ड आज दहावर अडून बसलेलं. मैत्रिणीला कॉल लावून पाहिला, तर तिचं तोंड अर्धं उघडं असतानाच चित्र गोठलं.

कॉम्प्युटर शाळामास्तर असलेल्या सासऱ्यांच्या वेळचा. मास्तर गेले, त्यांचं यंत्र मागं राहिलं. मोबाइलवर मुलाखत चालणार नाही, असं कंपनीनं बजावलं होतं. कळंब गाव न सोडता, सासूबाईंना घरी एकटं न ठेवता करता येईल अशी ही एकच नोकरी दोन वर्षांत समोर आली होती. ती हुकली तर पुन्हा कोण विचारणार?

तिनं कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. राउटर बंद करून चालू केला. केबलचं राउटरकडचं टोक दुसऱ्या खाचेत लावलं. कार्ड ढिम्म. मग डोक्यात नको तो विचार शिरला. नोकरीचं बोलणं निघाल्यापासून सासूबाई गप्प होत्या. आणि या चंद्रप्रभाबाई काही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. भाजीवाल्याशी बोलता बोलता त्यांची आमटी करपते.

“आई, सकाळी इथं हात लावला होता का कुणी?”

“मी कशाला लावू?” दारातून उत्तर आलं. जरा जास्तच चटकन.

भैरवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंना सून घरकामालाच हवी, दुसरं काय! तोंडावर आलेले शब्द कसेबसे गिळून ती टेबलाखाली शिरली. कार्डातून केबल उपसली आणि मोबाइलचा उजेड मागच्या भोकात धरला.

आत लाल होतं. ओलं कुंकू ओघळून आतल्या बारीक तारांवर वाळलं होतं. शेजारी हळदीचं बोट. दोन अक्षता.

ती बाहेर आली. सासूबाई चौकट धरून उभ्या होत्या. चेहरा पार उतरलेला.

“पहाटे पूजा केली गं, तू उठायच्या आत. मशीन बंद असलं तरी मागं ते हिरवं लुकलुकतंय. तिथंच त्याचा जीव असंल, म्हणून तिथं लावलं.” त्यांनी बोटं पदराला पुसली. “हे गेल्यापासून म्या कशाला कुंकू लावलं न्हाय. शुभकामात आपला हात नसावा, ठाऊक हाय मला. पण तुझं काम व्हावं असं लई वाटलं. माझा हात लागला म्हणूनच बिघडलं ना?”

भैरवीला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं देवघरातली कापसाची वात आणली, सॅनिटायझरमध्ये बुडवली आणि एकेक तार पुसून काढली. फुंकर मारली. केबल खटकन बसवली. दिवा लागला. पडद्यावर शंभर.

अकराला चार मिनिटं उरली होती. भैरवी पुन्हा देवघरात गेली. कुंकवाचा करंडा आणून तिनं सासूबाईंपुढं धरला आणि कपाळ पुढं केलं.

“मशीनला नको, आई. मला लावा.”