बरोबर उत्तर

डॉक्टर मॅडमनी कपाचं चित्र पुढे धरलं. "काकू, हे काय?"

"विश्राम," काकू म्हणाल्या.

किल्ली दाखवली, तरी "विश्राम." छत्रीही "विश्राम."

मेंदूतल्या रक्तस्रावातून काकू वाचल्या, पण शब्द गेले. उरलं ते फक्त नवऱ्याचं नाव. अशा रुग्णांची वाचा परत आणता येते का, याचं या रुग्णालयात संशोधन चालायचं, म्हणून विश्रामकाका त्यांना रिक्षाने घेऊन यायचे.

उभ्या संसारात काकूंनी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. घेतलंच तर उखाण्यात, तेही हळदीकुंकवाला, बायकांत. घरात नुसतं "अहो". अहो, चहा ठेवू का? अहो, ऐकलंत का? काका मुद्दाम ओ द्यायचे नाहीत. "नावाने हाक मार, मग येतो," म्हणायचे. काकू पदराआड हसायच्या, आणि पुन्हा "अहो"च.

आता पाणी हवं तरी विश्राम, डोकं दुखलं तरी विश्राम.

मॅडमनी चित्रं बाजूला ठेवली आणि काकांकडे बोट दाखवलं. "आणि हे कोण?"

काकांनी श्वास रोखला. अहो म्हण गं. एकदाच.

काकूंनी मघाशी कपाकडे पाहिलं होतं, तसंच त्यांच्याकडे पाहिलं. "विश्राम."

"बरोब्बर!" मॅडमनी टाळी वाजवली. "काका, आज पहिलं उत्तर बरोबर आलं!"

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"तेवढंच चुकलं, मॅडम."