बदकाचा जीव

मुलांच्या साहित्याला हात लावणाऱ्याचे हात पवित्र असावे लागतात, असं निर्माता म्हणाला आणि त्याच हातांनी त्याने पटकथाकाराचा गळा आवळला.

"मर ना नीट," तो म्हणाला. "बदक असं मरतं का?"

निर्मात्याची ही जुनी पद्धत होती. प्रत्येक प्रसंग आधी बैठकीच्या खोलीत करून बघायचा, मगच कागदावर उतरवायचा. आज तो कोल्हा होता आणि पटकथाकार बदक. टोपी घालून तळ्याकाठी राहणाऱ्या त्या बदकाची बारा पुस्तकं होती. दोन पिढ्या त्या बदकावर वाढल्या होत्या, म्हणजे वाचून. आता त्याची मालिका निघत होती आणि चौथ्या भागात वाहिनीला एक मरण हवं होतं.

"नुसतं जखमी केलं तर?" पटकथाकाराने कसाबसा आवाज काढला. "पंख मोडू. दोन्ही मोडू."

"पंख मोडल्यावर कोण रडतं रे?"

पटकथाकाराची सात वर्षांची लेक रडली असती. सकाळीच दप्तर भरताना तिने बजावलं होतं, "बदकाला काही झालं ना बाबा, तर मी तुझ्याशी कध्धीच बोलणार नाही." पोरगी शब्दाची पक्की होती. मामाशी धरलेल्या अबोल्याचं तिचं दुसरं वर्ष चालू होतं.

तेवढ्यात दार उघडून बदकाच्या लेखिकाबाई काठी टेकत आत आल्या. चहा पाजून त्यांच्याकडून होकार घ्यायचा, असा बेत होता.

"काय चाललंय?"

"या बाई, या! मी कोल्हा, हा तुमचं बदक."

"सुटतं ना ते?"

"नाही हो. चौथ्या भागात खलास! घरंच्या घरं रडतील बघा."

बाईंनी टेबलावरचा काचेचा जग उचलला, पाणी शांतपणे कुंडीत ओतलं आणि रिकामा जग निर्मात्याच्या नाकावर घातला.

नाक बिस्किटासारखं मोडलं. निर्मात्याने बाईंची काठी पकडून ओढली. बाईंनी ती सोडून दिली. तो मागच्या मागे काचेच्या कपाटात गेला आणि बालसाहित्याच्या सेवेबद्दल मिळालेली ढाल वरून त्याच्या डोक्यात पडली. रक्ताने माखलेला तो उठला तो थेट बाईंच्या गळ्याकडे धावला, आणि या वेळी तो कोल्हा नव्हता. पटकथाकार मध्ये पडला. बदकाला दात नसतात हे विसरून त्याने निर्मात्याचा कान चावला. त्याबद्दल बसलेल्या गुद्द्यात त्याचा पुढचा एक दात गेला. दरम्यान बाईंनी काठी उचलली होती.

"बाई, बस्स! एक बदक हो!" निर्माता टेबलाखालून ओरडला.

"माझं आहे ते. तुम्ही त्याला मारायचं नाही. चौथ्या भागात नाही, चाळिसाव्यातही नाही."

"नाही मारत! म्हातारं करतो, नातवंडं दाखवतो! जगू दे मेल्याला!"

दवाखान्यात निर्मात्याला टाके पडत होते. बाहेरच्या बाकावर पटकथाकार तोंडात कापूस धरून बसला होता आणि त्याला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"बाई, आज लेकीला तोंड दाखवता येईल," तो म्हणाला. "तुमची त्या बदकावरची माया बघितली आणि..."

"कसली माया?" बाई रुमालाने काठी पुसत होत्या. "महिन्याभरात शेवटचं पुस्तक येतंय. मुलं माझं पुस्तक वर्षभर पुन्हा पुन्हा वाचतात. त्यात तुमच्या त्या माकडाने टीव्हीवर त्याला आधीच मारून टाकलं असतं, तर मी लिहिलेलं मरण कोणी वाचलं असतं?"

पटकथाकाराने तोंडातला कापूस काढला.

"तुम्ही... बदकाला? कोल्हा खातो?"

"छे! ट्रकखाली जातं. दुसऱ्याच पानावर," बाई म्हणाल्या. "चित्रं रंगीत आहेत."