हाताला बसेल असं

भाजीत मीठ कमी पडलं की ताराचंद ताट भिरकावायचा. देवळी गावात दिवसाढवळ्या चोऱ्या व्हायला लागल्या आणि घरी बायको शकुंतलाबाई एकटी, म्हणून त्यानं तिच्या नावानं रिव्हॉल्वरचा परवाना काढला. नागपूरच्या दुकानात त्यानं सगळ्यात मोठं उचललं.

"सेठ, चालवणार कोण, भाभीजीच न? याचा झटका त्यांले झेपणार नाई," दुकानदार म्हणाला.

शकुंतलाबाईनं लहानसं बत्तीस बोरचं हातात घेतलं आणि भिंतीवर नेम धरला. हात जरासुद्धा हलला नाही. "हे बसलं मले."

संध्याकाळी भाजी पार अळणी होती. ताराचंदची नजर सारखी रिव्हॉल्वर ठेवलेल्या कपाटाकडे जात होती.

"काऊन जी, बिघडली का भाजी?" शकुंतलाबाईनं विचारलं.

 

"नाई नाई, मस्त झाली. वाढजो अजून."